घुबडाचं पिल्लू आणि गाळलेल्या ओळी

४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून फुगून बसली असशील, तर आता फुगा सोड. लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं. बाबा बोलत नव्हते, मी शिवत होतो, घड्याळं वाजत होती. आज मात्र लिहितोय, कारण डोकं फिरलंय. फोनवर आपण दोघं पहिल्याच मिनिटाला भांडतो, म्हणून आईने पत्रांचा नियम घालून दिला होता. आई गेली तरी तो मोडायचं धाडस माझ्यात नाही.

तर ऐक. चौकातल्या मनोऱ्याची डागडुजी चालू आहे. बाबा रोज दुपारी समोरच्या बाकावर जाऊन बसतात आणि मनोऱ्याचं घड्याळ किती सेकंद चुकतंय ते ऐकतात. डोळ्यांनी दगा दिला, घड्याळदुरुस्ती सुटली, तेव्हापासून तेवढाच त्यांचा उद्योग आहे. परवा तिथून आले ते छातीशी टोपी धरून. मला वाटलं, छातीत दुखतंय. हातातली कात्री टाकून धावलो. टोपीत काय, तर घुबडाचं पिल्लू! पांढरी लव, तोंड म्हणजे कापलेलं सफरचंद, आणि आवाज जुन्या शिवणयंत्राला तेल नसल्यासारखा. गवंड्यांनी वरची कपार साफ करून सिमेंटने बुजवली म्हणे. मोठी घुबडं उडून गेली, हे वाळूच्या ढिगावर पडलं होतं.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. पण माझं दुखणं वेगळंच आहे. ताई, बाबा त्याच्याशी बोलतात! आई गेल्यापासून दीड वर्षात माझ्या वाट्याला दिवसाकाठी चार शब्द आले, त्यातला एक "मीठ". आणि या दोन दिवसांच्या पाहुण्याला विचारतात, झोप झाली का, भूक लागली का, या मुठ्याच्या शिवणयंत्राचा त्रास होतो का! घड्याळातले काटे उचलायच्या चिमट्याने त्याला खिमा भरवतात. त्या चिमट्याला मी सात वर्षांचा असताना हात लावला, तर दोन दिवस अबोला धरला होता. मी उशिरा उठायचो तेव्हा मला घुबड म्हणायचे. तेव्हा ती शिवी होती, आता तो लाड आहे.

सगळ्यात जास्त काय लागलं, सांगू? त्याला तळहातावर घेऊन बसतात. दुसऱ्या हाताचं बोट पाठीवरून असं फिरवतात, जसं घड्याळाचं चाक जागेवर बसतंय का बघावं. मी चव्वेचाळीस वर्षांत बाबांनी मला उचलल्याचं पाहिलं नाही. फोटोतसुद्धा मी आईच्या नाहीतर तुझ्या कडेवर आहे. मोठा घोडा झालोय, कंबर चाळीस इंच आहे, आणि घुबडाच्या पोराचा हेवा करतोय. हस, काय हसायचं ते.

तू जंगली जनावरांच्या दवाखान्यात पंचवीस वर्षं घालवलीस, तेव्हा सांग, याचं काय करायचं. कुठेतरी नेऊन सोडा असं सांगितलंस तर फार बरं होईल.

लोभ आहेच, तो घुबडावर निम्मा खर्च करू नये.
मुठ्या

७ एप्रिल

चि. मुठ्यास,
अ. उ. आ.

हसले. मग हसू थांबलं, का ते पुढे लिहिते. आधी कामाचं.

पिल्लू उघड्यावर ठेवू नका. पुठ्ठ्याचा खोका घ्या, बाजूला भोकं पाडा, तळाशी जुनं मऊ कापड घाला. धागे निघणारं नको, नखं अडकतात. बाटलीत कोमट पाणी भरून ती कापडात गुंडाळा आणि एका कोपऱ्यात ठेवा, म्हणजे त्याला ऊब हवी तर जवळ जाईल, नको तर सरकेल. खोका अंधाऱ्या, शांत खोलीत. दूध नाही, पाव नाही, चोचीत पाणी ओतायचं तर अजिबात नाही; ते फुप्फुसात जातं. हाताळल्यावर हात धुवायचे.

सहसा मी लोकांना सांगते, की जखम नसेल तर पिल्लू सापडलं तिथेच उंचावर ठेवा, आईबाप शोधत येतात. निम्मी "अनाथ" पिल्लं अनाथ नसतातच, आपण माया करायला जातो आणि त्यांना अनाथ करतो. पण इथे कपारच बुजवली आहे. म्हणजे परतीची वाट नाही.

म्हणून हे पुढचं नीट वाचून दाखव. पिल्लू दोन दिवसांत माझ्याकडे आलं पाहिजे. नुसत्या खिम्यावर घुबड वाढत नाही. रानात ते उंदीर हाडांसकट गिळतं. हाडं मिळाली नाहीत, की त्याची स्वतःची हाडं मऊ पडतात आणि पाय वाकतात. आणि त्याच्याशी बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, कुरवाळायचं नाही. माणसाला आईबाप समजलं, तर ते कधीच घुबड होणार नाही, जन्मभर पिंजऱ्यात राहील. बसने चार तास लागतात. सकाळची गाडी धरा.

आता माझं. तुला वाटतं, तुझ्या एकट्याच्या पोटात दुखतंय? माझ्या हातून आजवर शेकडो घुबडं उडून गेली. बाबांनी एकदा तरी येऊन पाहिलं? दर वेळी तुझ्या पत्रात एकच निरोप: अजून कुत्र्यांना सुया टोचतेस का. कुत्र्यांना! आता स्वतःला एक सापडलं तर चिमटे काय, खिमे काय. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही. आणि तू निदान त्यांच्या समोर बसून रुसतोस तरी. मी चार तास लांब बसून रुसते, ते कुणाला दिसतही नाही.

बाबांना दिसत नाही म्हणून आपल्या घरात पत्रं तू मोठ्याने वाचतोस, आणि तुला नको असलेलं गाळतोस, हे मला ठाऊक आहे. आईच्या आजारपणात मी रात्रपाळी सोडून यायला तयार होते, ती ओळ तू गाळलीस. का, ते मी विचारलं नाही. हे पत्र मात्र गाळू नकोस.

बाबांना साष्टांग नमस्कार. तुझ्यावर जीव आहे, पण पुरावे मागू नकोस.
ताई

१५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि जेवणं आटोपल्यावर बाबांना वाचून दाखवलं. उबेचं, अंधाराचं, दूध न देण्याचं, हात धुण्याचं, सगळं त्यांनी मान हलवत ऐकलं. लगेच खोका केला. भोकं बाबांनी स्वतः पाडली, सगळी एका अंतरावर, बोटाने मोजून. डोळे गेले तरी माणूस तोच आहे.

एक गंमत सांगतो. पत्र आलं त्याच संध्याकाळी बाबा माझ्या दुकानात आले. घरातून दुकानात यायला सात पायऱ्या आहेत, पण ते कधी उतरत नाहीत. म्हणाले, की त्याची नखं अंथरुणाच्या धाग्यांत अडकतात, धागे न निघणारं कापड हवं, आणि त्याला कडेने दुमड घालून दे. मी फ्लॅनेलचा तुकडा काढला, चारी बाजूंनी दुहेरी दुमड घातली, टाके अगदी बारीक. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. पूर्ण फिरवलं, चारही बाजूंनी. मग म्हणाले, की टाके बरे आहेत.

ताई, बावीस वर्षं शिवतोय. लोकांची लग्नं माझ्या कोटात झाली. "टाके बरे आहेत" हे मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही घुबडाच्या अंथरुणासाठी.

आता रोज सांजवेळी मला बोलावतात. मी खोका धरायचा, ते भरवणार. भरवताना सांगतात, मनोऱ्याच्या घड्याळाचा लंबक पहिल्यांदा कसा बसवला, आजोबांनी पहिलं घड्याळ कुणाचं उघडलं. हे सगळं ते पिल्लाला सांगतात म्हणा. पण मी शेजारीच असतो, आणि मला ऐकू येतं.

पिल्लाची काळजी नको. खातं चांगलं. अजून थोडं मोठं झालं की आणतोच तुझ्याकडे. सध्या माझ्याकडे शाळेच्या गणवेशांची गर्दी आहे.

लोभ होता तसा राहू दे, त्यात आता वाटेकरी वाढलेत.
मुठ्या

१९ एप्रिल

चि. मुठ्यास,
अ. उ. आ.

ऊब, अंधार, दूध, हात. चार गोष्टी लिहिल्यास. मी सात लिहिल्या होत्या. हाडांचं, दोन दिवसांचं आणि त्याच्याशी न बोलण्याचं कुठे गेलं?

मला गणवेश सांगू नकोस. मला सांग, ते उभं राहतं का? दोन्ही पंजांवर सरळ, की गुडघ्यांवर बसल्यासारखं? आत्ता ऊठ आणि बघ.

तुझं पत्र वाचून मी इथे पिंजरे धुता धुता रडले, हेही सांगून टाकते. आजोबांनी पहिलं घड्याळ कुणाचं उघडलं, ते मला माहीत नाही. मला कुणी सांगितलं नाही. पण तो हेवा माझा मी गिळीन. तू तुझा गिळला नाहीस, म्हणून एक जीव अधू होईल.

रागात आहे, म्हणून इथेच थांबते. माया राग उतरल्यावर पाठवीन.
ताई

२४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुला टपालाने मिळणार नाही. बाबांच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंय. ते सकाळच्या गाडीने खोका घेऊन निघताहेत. माझीच चूक मीच त्यांच्या खिशात घालून पाठवतोय, आणि ती त्यांना वाचता येणार नाही. यापेक्षा भित्रा माणूस तू पाहिला नसशील.

ते उभं राहत नाही. तुझं पत्र आलं तेव्हा खोका उजेडात नेला. उजवा पाय आत वळलाय. माझ्याकडे बघून ते नेहमीसारखं ओरडलं, खाऊ मागितला, आणि उठायला गेलं ते बाजूला कलंडलं.

खरं ते लिहितो. मी दोन परिच्छेद गाळले. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी ते आधी एकटाच वाचलं. दोन दिवसांत पिल्लू न्यायचं, हे वाचून खूश झालो होतो. मला तेच तर हवं होतं. आणि तेवढ्यात बाबा पायऱ्या उतरून कापड मागायला आले. टाक्यांवरून बोट फिरवलं. रात्री पत्र वाचायला घेतलं तेव्हा मनात हिशेब झाला, की पिल्लू गेलं तर बाबा पुन्हा "मीठ" वर येतील. एक पान उलटायच्या जागी दोन उलटली. एवढंच केलं. मला त्या पिल्लाचा हेवा वाटत होता आणि त्याच्याशिवाय माझं भागतही नव्हतं.

आईच्या आजारपणातल्या ओळीचंही तू लिहिलंस. ती गाळली हे खरं. तू आली असतीस, तर आईला तूच हवी झाली असतीस. तेवढ्यासाठी.

बाबांना मी इतकंच सांगितलं, की पायाला काहीतरी झालंय आणि ताईच काय ते करील. त्यांनी विचारलं नाही, कधीपासून. खोका मांडीवर घेऊन खिडकीशी बसणार म्हणाले. मी येत नाही. गणवेश हे निमित्त आहे. तोंड दाखवायची हिंमत नाही.

त्यांना सांगायचं की नाही, ते तू ठरव. माया पाठव म्हणणार नाही. उरली असेल तर ठेव.
मुठ्या

३ मे

चि. मुठ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आईच्या ओळीबद्दल मला तुझा राग आहे आणि तो काही दिवस राहील. त्याच्यावर तू उपाय करू नकोस, तो आपोआप जाईल.

पायाचा एक्स-रे काढला. हाड मऊ पडलंय, मोडलेलं नाही. अजून आठवडा गेला असता तर आशा नव्हती. पट्टी बांधली आहे, औषध आणि हाडांसकट खाणं चालू आहे. आमच्याकडे एक म्हातारी मादी आहे, पंख तुटलेला, उडत नाही, पण पोरं सांभाळण्यात पटाईत. तिच्या शेजारी ठेवलंय. मी भरवते तीसुद्धा पडद्याआडून. माणसाची सवय सुटते का, ते आता त्याच्यावर आहे.

पट्टी बांधताना बाबा दारात उभे होते. मी एका हाताने पाय धरला होता आणि दुसऱ्याने चाचपडत होते, तर माझ्या तळव्यात चिमटा आला. बरोबर त्या बाजूने, दांडा माझ्याकडे. कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, की श्वास धरलास म्हणजे हत्यार हवं असणार. मग पट्टी संपेपर्यंत मी श्वास धरायचे आणि ते द्यायचे. पंचवीस वर्षांत त्यांनी माझं काम पाहिलं नाही ते नाही. शेवटी ऐकलं.

ते इतक्यात परतणार नाहीत. पिल्लाच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसतात. आत जायला मनाई केली तेव्हा वाद घातला नाही. भिंतीवर आमची पाटी आहे: हात लावू नका, बोलू नका. मी ती वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली.

तुझं पत्र त्यांच्याच हाताने मिळालं. काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आपली चूक आपणच सांगावी.

आता जळ थोडा. बाबा माझ्याकडे आहेत!
ताई

१२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जळतोय. समाधान झालं?

घरात सतरा घड्याळं आहेत आणि किल्ली द्यायचं काम आता माझ्याकडे. बाबा देतात तेव्हा सगळी एकदम वाजतात. मी दिली तर पाच मिनिटं वाजतच राहतात, एकामागून एक, कुणाचा कुणाला पत्ता नाही. काल दुकानात गिऱ्हाईक विचारत होतं, की तुमच्याकडे किती वाजता दुपार होते.

ते श्वासाचं वाचून रात्रभर तळमळलो. तुझा श्वास त्यांना कळतो. आणि मी इथे समोर बसून दोन परिच्छेद गिळले, ते कळलं नाही? की कळलं? हे विचारू नये असं वाटतं, आणि विचारल्याशिवाय राहवत नाही.

माझी आठवण काढतात का? खोटं असलं तरी चालेल, पण लिही. पुढे तूच त्यांना माझी कबुली वाचून दाखव. मी गाळलं, तू गाळू नकोस. पूर्ण वाच, आईच्या ओळीसकट.

लोभाची मागणी करायची लाज वाटते, म्हणून नुसता नमस्कार.
मुठ्या

२९ जून

चि. मुठ्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहीत आहे. ताईने जाड टोकाचं पेन दिलं. अक्षर ओळीवर नाही, समजून घे. एका पानावर बारा ओळीच मावतात.

पिल्लू चार दिवसांपूर्वी गेलं. पाय जरा तिरका राहिला, पण उंदीर धरतं. माणूस दिसला की आता फिस्कारतं. ताई म्हणाली, हे चांगलं आहे. मला वाईट वाटलं, पण चांगलं आहे. पेटीचं दार उघडायची दोरी तिने लांबून माझ्या हातात दिली. ओढली. कान लावून बसलो. काही ऐकू आलं नाही. मी म्हणालो, बसलंय अजून. ताई म्हणाली, केव्हाच गेलं, घुबडाच्या पंखांना आवाज नसतो. आयुष्यात पहिल्यांदा माझा कान चुकला.

तुझ्या बाबतीत चुकला नव्हता. ताईने तुझी कबुली वाचून दाखवली. पण तू त्या दिवशी वाचत होतास तेव्हाच मला कळलं होतं. दोन पानं एकदम उलटल्याचा आवाज जाड येतो. एक ठोका गळाला तर मला शेजारच्या खोलीत कळतं. काय गाळलंस तेही साधारण कळलं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पिल्लू जाणार होतं, आणि सांजवेळी तू खोका धरायला येणार नव्हतास. तेव्हा त्या पायाचा अर्धा दोष माझा आहे. तो तू एकट्याने घेऊ नकोस.

तू ताईला पहिल्या पत्रात लिहिलंस, की मी तुला कधी उचललं नाही. तेही तिने वाचून दाखवलं. मी आग्रह केला. खरं आहे.

तू सातव्या महिन्यात झालास. काचेच्या पेटीत ठेवला होता. मी बाहेरून काचेवर मूठ धरून माप घेतलं. तेवढाच होतास. मुठ्या नाव मी ठेवलं, तुला वाटतं तसं ताईने नाही. नर्स म्हणाली, याला हात लावू नका, बापाचे हात दुकानातले, तेलाचे. मी लावला नाही. सांगितलेलं काम मी कधी मोडत नाही. महिन्याने तू घरी आलास. तुझी आई उचलायची. ताई उचलायची. "आता लावा" असं मला कुणी सांगितलं नाही. मी वाट पाहिली. मग तू चालायला लागलास. मग विचारायची लाज वाटली.

ताईची पाटी ऐकली तेव्हा हे आठवलं. रानातल्या जिवाला ते बरोबर आहे. तू रानातला नव्हतास.

हे लिहायला तीन दिवस लागले. जास्त लिहीत नाही. घड्याळांना किल्ली देऊ नकोस, मी आल्यावर बघतो.

रविवारी दुपारच्या गाडीने येतो. बसची खालची पायरी मला दिसत नाही. हात धरायला ये.

तुझा,
बाबा